वरच्या गावची ती शाळा : अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली पिढीजात वैरं

बकायकर

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला लेकीला घरी आणायचं म्हणून डेटनहून कोलंबसला गेलो. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारात शिरलो तर जागोजागी पाट्यांवर लाल चिकटपट्टीच्या फुल्या. नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं, फुली फक्त 'एम' या अक्षरावर आहे. मेडिकलचा एम खोडलेला, म्युझिकचा खोडलेला, म्युझियमचे तर दोन्ही गेलेले. मला वाटलं पोरांनी काहीतरी आंदोलन काढलंय. लेक डिकीत बॅगा टाकता टाकता म्हणाली, "बाबा, शनिवारी मिशिगन आहे ना!" आणि लगेच जीभ चावली. कारण ते नावही घ्यायचं नसतं. 'वरच्या गावची ती शाळा' म्हणायचं.

माझी आजी आजोबांचं नाव घेत नसे. 'हे' म्हणायची, फारच अडलं तर 'अण्णाचे वडील'. तिथे तो मान होता. इथे तोच मान शत्रूला! तेव्हापासून हे प्रकरण डोक्यात बसलं आणि गेली काही वर्षं मी त्याच्या मागे आहे.

ओहायो स्टेट आणि ते वरचे पहिल्यांदा खेळले १८९७ साली. ३४-० असे आम्ही हरलो. १९१८ पासून दरवर्षी खेळतात, अपवाद फक्त २०२०, कोविडमुळे. पण भांडण फुटबॉलहून जुनं आहे. १८३५ मध्ये टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून ओहायो राज्य आणि मिशिगन प्रदेश यांनी एकमेकांवर सैन्यं पाठवली होती. नकाशातली चूक, दोघांनाही बंदर हवं होतं. प्रत्यक्ष रक्त सांडलं ते एकाच माणसाचं, मिशिगनच्या एका पोलीस अधिकाऱ्याला ओहायोच्या बाजूच्या टू स्टिकनी नावाच्या इसमाने चाकू खुपसला आणि तो अधिकारी वाचलाही. हो, नाव 'टू'. थोरल्या भावाचं नाव वन. बापाने क्रमांकच दिले होते. शेवटी वॉशिंग्टनने टोलेडो आम्हाला दिलं आणि त्यांच्या तोंडाला पानं पुसायची म्हणून वरचा अपर पेनिन्सुला त्यांना. त्या 'निरुपयोगी' जंगलात पुढे तांबं आणि लोखंड निघालं, हा भाग आम्ही ओहायोवाले सांगत नाही.

आणखी एक सांगून थांबतो. १९३४ मध्ये फ्रान्सिस श्मिट हे नवे कोच आले. त्या वरच्यांना हरवणं शक्य आहे का, असं विचारल्यावर ते म्हणाले, तेही आपल्यासारखेच एका वेळी एक पाय घालून विजार चढवतात. त्या वर्षी ओहायो स्टेटने ३४-० ने जिंकलं, म्हणजे १८९७ ची सव्याज फेड. तेव्हापासून मिशिगनला हरवणाऱ्या प्रत्येक खेळाडूला सोन्याची इवलीशी विजार मिळते, गळ्यातल्या पदकाएवढी. राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंगठीपेक्षा ती विजार जपून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत.

इथे वेगवेगळ्या राज्यांतली मंडळी आहेत. तुमच्याकडे कोणाचं कोणाशी आहे? येऊ द्या.


गोंधळलेला_गणू

रुमाल टाकून ठेवतो. पण दोन मूलभूत शंका. एक, चेंडू हातात घेऊन पळतात त्याला फुटबॉल का म्हणतात? दोन, कॉलेजच्या सामन्याला एवढं काय? आमच्या कॉलेजच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन कोण होता ते मला आजही माहीत नाही, आणि मी त्याच्याच वर्गात होतो.


बकायकर

गणू, पहिल्या शंकेला इथल्या लोकांकडेही धड उत्तर नाही, सोडून द्या. दुसरी महत्त्वाची.

आपल्याकडे कॉलेज म्हणजे तीन-पाच वर्षांचा मुक्काम. इथली सरकारी विद्यापीठं म्हणजे त्या त्या राज्याची कुलदैवतं. ज्याने तिथे पाऊलही ठेवलेलं नाही असा प्लंबर, न्हावी, ट्रकवाला, सगळे त्याच रंगाचे शर्ट घालतात. व्यावसायिक संघ मोठ्या शहरांत, ही विद्यापीठं अनेकदा छोट्या गावांत. त्या वरच्यांच्या अॅन आर्बर गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, आणि तिथल्या मैदानाची क्षमता १,०७,६०१. वानखेडे तीनदा भरेल. आमचंही लाखाच्या वर आहे.

दुसरं म्हणजे हंगाम जेमतेम बारा सामन्यांचा. त्यात हा सामना एकदाच आणि सगळ्यात शेवटी. आयपीएलसारखं 'पुढच्या मंगळवारी बघून घेऊ' नाही. हरलात तर ३६५ दिवस ऐकून घ्या. ऑफिसात माझ्या शेजारी मिशिगनचा माणूस बसतो, त्यामुळे हे मी अनुभवाने सांगतोय.


मकेवाली

अॅन आर्बरला बावीस वर्षं झाली, त्यामुळे ही 'वरची' बोलणार.

बकायकर, सोन्याच्या विजारींची गोष्ट छान सांगितलीत, पुढचा अंक गाळलात. याच विजारी आणि इतर चिजा तुमच्या खेळाडूंनी विकल्या, बदल्यात पैसे आणि टॅटू घेतले. त्यावरून २०११ मध्ये कोच जिम ट्रेसेल यांना जावं लागलं आणि २०१० च्या हंगामातले विजय कागदावरून पुसले गेले. जपून ठेवतात म्हणे!

आणि एकूण हिशेबात मिशिगन अजून पुढे आहे, हेही राहिलं वाटतं.

आता माझी आवडती गोष्ट. २५ नोव्हेंबर १९५०, कोलंबस. असं हिमवादळ की मैदानावरच्या रेषा दिसेनात. इथे चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलं की नवे चार प्रयत्न मिळतात, त्याला फर्स्ट डाउन म्हणतात. मिशिगनला अख्ख्या सामन्यात एकही मिळाला नाही. शून्य. दोन्ही संघांनी मिळून ४५ वेळा चेंडू लाथेने उडवून दुसऱ्याच्या गळ्यात मारला, कारण त्या बर्फात चेंडू आपल्या हातात असणं हाच धोका होता. तुमच्या दोन लाथा आम्ही अडवल्या, त्यातून नऊ गुण झाले आणि ९-३ ने जिंकलो. त्या हरण्यावर एवढं काहूर माजलं की तुमच्या कोचने राजीनामा दिला. त्याच्या जागी आला कोण? वुडी हेज. म्हणजे तुमचं दैवत आमच्या बर्फाने दिलेलं आहे. आभार मानायचे तर माना.


बकायकर

ताई, समोरच्या संघाचे खुणेचे इशारे चोरण्याचं २०२३ चं प्रकरण मी काढलं नव्हतं, आता काढू का? तुमचे कोच निलंबित होऊन आमच्याविरुद्धच्या सामन्याला घरी बसले होते.


मकेवाली

काढा की. ते घरी बसूनही ३०-२४ ने जिंकलो ना. :)


तालीमवाला

कोल्हापूरकर हजर. काय राव, तुमी हे सगळं नवलाचं सांगायलाय. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीची मॅच बघा एकदा. पेठेत जन्माला आलं की तालमीचा झेंडा ठरलेला. सासर खंडोबाचं आणि माहेर पाटाकडीलचं असलं तर त्या दिवशी सूनबाईनं स्वयंपाकघरातून भाईर यायचं न्हाई. आणि आमचा फुटबॉल पायानं खेळत्यात, गणूशेठ.

फक्त एक विचारतो. आमच्याकडं तालीम म्हंजे गल्ली, घर, रक्त. तुमी तर नोकरीला गेलेली माणसं. तुमाला ह्यांचं वैर कसं काय चिकटलं?


निळी_शाई

तालीमवाल्यांचा प्रश्न नेमका आहे. मी पुण्याची, माझ्या ओळखीचं कॉलेजचं वैर म्हणजे पुरुषोत्तम करंडक. भरत नाट्य मंदिराबाहेर 'अरे आवाज कुणाचा' म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलेली मी, नंतर पास होऊन बाहेर पडल्यावर तो आवाज कुणाचा हे विसरूनही गेले. इथे पन्नाशीतला माणूस न शिकलेल्या कॉलेजसाठी भांडतोय. बकायकर, रागावू नका, पण उत्तर द्या.


बकायकर

रागावलो नाही, विचार करतोय. लिहितो सावकाश.


लोखंडी_वाडगा

हंट्सव्हिल, अलाबामा. इथे नोकरीवर रुजू झालो त्या पहिल्या दिवशी एचआरच्या बाईंनी माझं नाव, पत्ता, विमा वगैरे सगळं लिहून घेतलं आणि कागद बाजूला ठेवून गंभीरपणे विचारलं, "अलाबामा की ऑबर्न?" मी म्हटलं, कोणीच नाही. त्या म्हणाल्या, "असं इथे नसतं." खरंच नसतं. तालीमवाले, हे तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर. चिकटवून घ्यावंच लागतं.

अलाबामा राज्यात एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. ना फुटबॉलचा, ना बास्केटबॉलचा, ना बेसबॉलचा. सगळा जीव या दोन विद्यापीठांत. सामन्याचं नाव आयर्न बोल, कारण तो वर्षानुवर्षं बर्मिंगहॅमला व्हायचा आणि बर्मिंगहॅम म्हणजे लोखंड-पोलादाचं गाव. पहिला सामना १८९३ चा. १९०७ मध्ये ६-६ अशी बरोबरी झाली, त्यानंतर खेळाडूंचा खर्च किती द्यायचा आणि पंच कुठला आणायचा यावरून फिस्कटलं, आणि दोघे तब्बल ४१ वर्षं एकमेकांशी खेळले नाहीत! एकाच राज्यातली दोन विद्यापीठं. बांधावरून कोर्टात गेलेल्या चुलतभावांची आठवण आली ना? १९४८ मध्ये परत जमलं तेव्हा दोन्हीकडच्या विद्यार्थी अध्यक्षांनी बर्मिंगहॅमच्या बागेत खड्डा खणून त्यात खरीखुरी कुऱ्हाड पुरली, इंग्रजीत वैर मिटवण्याला 'कुऱ्हाड पुरणं' म्हणतात ना. मग अलाबामाने ५५-० असं धुतलं. कुऱ्हाड बहुधा तेव्हाच वर आली असावी.

२०१३ चा शेवट तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेलच. २८-२८. घड्याळ संपलं होतं, अलाबामाने तक्रार करून एक सेकंद परत मागून घेतला. एक! त्या सेकंदात ५७ यार्डांवरून लाथ मारून चेंडू टोकाच्या दोन खांबांमधून पाठवायचा आणि जिंकायचं होतं. चेंडू तोकडा पडला. ऑबर्नचा क्रिस डेव्हिस खांबांखाली उभाच होता, त्याने तो झेलला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटला. अलाबामाच्या बाजूला सगळे लाथ मारायला आलेले जाडजूड गडी, त्यांना तो काय सापडणार. ३४-२८. मागून घेतलेल्या सेकंदाने घात केला. मी तेव्हा एका अलाबामाभक्ताच्या घरी जेवायला होतो. जेवण झालं नाही.

पण या वैराची एक काळी बाजूही सांगतो. ऑबर्नमध्ये टूमर्स कॉर्नरला दोन जुने ओक होते. जिंकलं की लोक त्यांच्यावर टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकायचे, झाडं पांढरीशुभ्र व्हायची. २०१० मध्ये ०-२४ अशा पिछाडीवरून ऑबर्नने २८-२७ ने सामना काढला. त्यानंतर एका अलाबामाभक्ताने त्या झाडांच्या मुळाशी तणनाशक ओतलं आणि जानेवारी २०११ मध्ये रेडिओवरच्या कार्यक्रमात फोन करून स्वतःच सांगितलं. त्याला तुरुंगवास झाला. विद्यापीठाने माती उकरली, औषधं दिली, पण झाडं गेलीच. एप्रिल २०१३ मध्ये तोडावी लागली. तोडण्याआधी लोक निरोप द्यायला आले होते, आणि झाडं वाचवायला पैसे देणाऱ्यांत अलाबामाचे लोकही होते. माझ्या साहेबांनी दिले. कट्टर माणूस. म्हणाले, "झाडाने काय केलंय?"


निळी_शाई

झाडांचं वाचून कसंतरी झालं.

आणि यावरच माझा मूळ आक्षेप. हे सगळं रम्य आहे खरं, पण कितीतरी राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे फुटबॉलचा कोच. राज्यपाल नाही, शल्यविशारद नाही. पोरांच्या डोक्याला मार बसतो, त्याचे परिणाम पुढे मेंदूवर दिसतात. आणि २०२१ पर्यंत त्या पोरांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचा एक डॉलरही घ्यायला बंदी होती. मकेवालींनी टॅटूची गंमत केली, पण ज्यांच्या जिवावर लाखभर लोक तिकिटं काढतात त्यांनी स्वतःची विजार विकली तर गुन्हा कुणाचा?


मकेवाली

हे मान्य. टॅटूवरून चिडवायचं सोडणार नाही, पण मान्य. आता २०२५ पासून विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली आहेत. पंधरा वर्षांपूर्वी ज्यावरून बोंब झाली ते आज करारात लिहिलेलं असतं.


बेएरियातली_बाभळ

विषय गंभीर झाला, जरा हसू या. कॅलिफोर्निया.

इथे बर्कली आणि स्टॅनफर्ड. दोघांचेही माजी विद्यार्थी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकाच पंगतीला बसून मोदक खातात, त्यामुळे कोल्हापूरसारखं नाही. आमचं वैर शहाण्यांचं, म्हणजे जास्त खोडकर. १८९२ चा पहिलाच सामना. मैदान तयार, प्रेक्षक तयार, आणि लक्षात आलं की चेंडूच आणलेला नाही! सामना खोळंबला, माणूस पाठवून चेंडू आणवला. स्टॅनफर्डच्या संघाचा विद्यार्थी व्यवस्थापक होता हर्बर्ट हूवर, जो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला आणि ज्याच्या काळात महामंदी आली. व्यवस्थापन तेव्हापासूनच असं, असं बर्कलीवाले म्हणतात.

यांचा करंडक म्हणजे लाकूडतोड्याची कुऱ्हाड. १८९९ मध्ये ती स्टॅनफर्डच्या पोरांनी मिरवायला आणली, बर्कलीच्या पोरांनी पळवली. दांडा कापून पातं कपड्यात लपवून सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीने पार नेलं. पुढे तीस वर्षं बँकेच्या तिजोरीत. १९३० मध्ये स्टॅनफर्डचे एकवीस जण फोटोग्राफर बनून आले, कुऱ्हाड फोटोसाठी बाहेर निघाली तशी धूर आणि गोंधळ करून घेऊन गेले. शिवकालीन बखर वाचतोय असं वाटतं. शेवटी १९३३ मध्ये दोघांनी ठरवलं, जो जिंकेल त्याने वर्षभर ठेवायची.

आता १९८२. स्टॅनफर्ड २०-१९ ने पुढे, चार सेकंद शिल्लक. बर्कलीने चेंडू घेतला आणि पकडले जायच्या आत एकमेकांकडे मागे फेकत राहिले, पाच वेळा. स्टॅनफर्डच्या बँडला वाटलं संपलं, शे-दीडशे वादक बाजा वाजवत मैदानात घुसले. बर्कलीचा केव्हिन मोएन त्या बँडमधूनच वाट काढत धावला आणि टचडाउन करून, म्हणजे चेंडू घेऊन पलीकडच्या टोकाची रेषा ओलांडून, एका ट्रोम्बोनवाल्यावर जाऊन आदळला. २५-२०.

खरी मजा पुढे आहे. कुऱ्हाडीच्या फळीवर सगळ्या सामन्यांचे निकाल कोरलेले असतात. कुऱ्हाड स्टॅनफर्डकडे गेली की ते १९८२ चा निकाल बदलून २०-१९ करतात. बर्कलीकडे परत आली की पुन्हा २५-२०. वर्षानुवर्षं हे चाललंय.


गोंधळलेला_गणू

म्हणजे सातबारा! सत्ता बदलली की फेरफार.


बेएरियातली_बाभळ

अगदी. आणि आता ताजा विनोद ऐका. २०२४ पासून बर्कली आणि स्टॅनफर्ड कुठल्या संघटनेत खेळतात? अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स. पॅसिफिकचं पाणी ज्यांच्या पायाला लागतं ते.


लाल_माती

टेक्सास, ऑस्टिन. बाभळताईंनी हसत सांगितलं, पण दुखणं तिथेच आहे. टीव्हीचे पैसे. कुठली संघटना चॅनेलकडून जास्त मिळवते त्यामागे विद्यापीठं पळतात आणि शेजाऱ्याशी असलेलं शंभर वर्षांचं नातं वाऱ्यावर. ओक्लाहोमाची दोन विद्यापीठं शंभराहून जास्त वेळा खेळली. २०२३ मध्ये ओक्लाहोमा स्टेटने २७-२४ ने जिंकलं आणि सामना बंद, कारण दुसरे वेगळ्या संघटनेत निघाले. कॅन्सस आणि मिसुरीचं वैर तर यादवी युद्धाच्या आधीचं, गुलामगिरीच्या प्रश्नावरून सीमेवर गावं जाळण्यापर्यंत गेलेलं. तेही २०११ नंतर बंद पडलं आणि फुटबॉलमध्ये २०२५ मध्ये कुठे परत आलं.

आमचं टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम. दोघांच्या रणगीतांत एकमेकांची नावं आहेत. २०११ च्या सामन्यानंतर ए अँड एम दुसऱ्या संघटनेत गेलं आणि सामना थांबला. मग गंमत बघा, बारा-तेरा वर्षं दोन्हीकडची पोरं ज्याच्याशी कधी खेळलीच नाहीत त्या शत्रूच्या नावाने दर शनिवारी ओरडत होती. २०२४ मध्ये परत खेळले, टेक्सास १७-७.

१९९९ मात्र विसरता येत नाही. ए अँड एमची पोरं दरवर्षी या सामन्याआधी ओंडक्यांची प्रचंड होळी रचायची, स्वतः झाडं तोडून. १८ नोव्हेंबरला पहाटे अडीचच्या सुमारास रचता रचताच ती कोसळली. बारा जण गेले, सत्तावीस जखमी. आठवड्याभरात सामना होता. तो झाला. मध्यंतरात टेक्सासच्या बँडने आपली टोपी काढली आणि शोकाची धून वाजवून डोकं उघडं ठेवूनच मैदानाबाहेर गेला. ए अँड एमने २०-१६ ने जिंकलं. माझे घरमालक टेक्सासचे, आयुष्यात तेवढ्या एकाच दिवशी आपण हरल्याचं वाईट वाटलं नाही, असं ते म्हणायचे.


दर्यावर्दी

मेरीलँडमध्ये मुलाकडे असतो, मी आपल्या नौदलातून निवृत्त. आर्मी-नेव्हीचं, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी आणि नौदल अकादमींच्या सामन्याचं, कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

१८९० चा पहिला सामना नेव्हीने वेस्ट पॉइंटला, म्हणजे आर्मीच्या अकादमीत, जाऊन २४-० ने जिंकला. १८९३ च्या सामन्यावरून एक जनरल आणि एक अॅडमिरल इतके हमरीतुमरीवर आले की म्हणे द्वंद्वयुद्धाची भाषा झाली. प्रकरण अध्यक्ष क्लीव्हलंड यांच्या मंत्रिमंडळापर्यंत गेलं आणि सामना १८९९ पर्यंत बंद. माझा तर यावर लगेच विश्वास बसला. खडकवासल्याला आम्ही स्क्वाड्रनच्या कपसाठी काय काय केलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता हा सामना डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी असतो. आधी सगळे कॅडेट संचलन करत मैदानात येतात. मग 'कैद्यांची अदलाबदल' होते, म्हणजे जे कॅडेट एका सत्रासाठी दुसऱ्या अकादमीत शिकायला गेलेले असतात ते आपापल्या लोकांत परततात. टीव्हीवर घडलेलं लगेच पुन्हा दाखवणं, ज्याच्यावाचून आता क्रिकेटही चालत नाही, ते पहिल्यांदा १९६३ च्या याच सामन्यात झालं. केनेडींच्या हत्येमुळे तो सामना आठवडाभर पुढे गेला होता.

पण मी बसून राहतो ते शेवटासाठी. हरलेल्यांच्या प्रेक्षकांसमोर आधी दोन्ही संघ एकत्र उभे राहतात आणि हरलेल्यांचं अकादमीगीत होतं. मग जिंकलेल्यांचं. म्हणून त्यांचं वर्षभराचं ध्येय एवढंच, 'आपण दुसऱ्यांदा गायचं'. २००२ ते २०१५ सलग चौदा वर्षं नेव्ही दुसऱ्यांदा गायली. त्या चौदा वर्षांत आर्मीची चौथ्या वर्षाची पोरं दर डिसेंबरला आधी गाऊन पुढे इराक-अफगाणिस्तानला जात होती. तिकडे दोघे एकाच बाजूला. मला आर्मीचं गाणं ऐकताना डोळ्यांत पाणी येतं, आणि मी आयुष्यभर नौदलाचा.


तालीमवाला

साहेब, सॅल्यूट. आमच्याकडं हे चालू कराया पायजे. पण आधी कुणी गायचं ह्यावरनंच भांडणं हुतील.


बकायकर

उशीर झाला, पण तालीमवाले आणि निळी_शाईंचं उत्तर द्यायचं होतं.

वुडी हेज म्हणजे आमचे कडवे. मिशिगनमध्ये पेट्रोल भरायचं नाही, गाडी ढकलत ओहायोच्या हद्दीत आणेन म्हणणारे, अशी दंतकथा. १९६८ मध्ये मिशिगनची पार धूळधाण झालेली असताना टचडाउननंतरच्या जादा संधीत सोपा एक गुण घ्यायचा सोडून दोनासाठी गेले. का, तर 'तीनासाठी जाता येत नाही म्हणून', असं उत्तर त्यांच्या नावावर सांगतात. ५०-१४. पुढच्या वर्षी मिशिगनला नवा कोच आला, बो शेंबेकलर. त्यांनी सरावात ५० हा आकडा पोरांच्या डोळ्यांसमोरून हलू दिला नाही. ओहायो स्टेट सलग २२ सामने जिंकून आलं होतं. बो २४-१२ ने जिंकले.

आता हे बो कोण? ओहायोतल्या बार्बर्टनचे. कॉलेजात वुडींच्याच हाताखाली खेळलेले, नंतर त्यांचेच सहाय्यक. सगळं शिकले ते त्यांच्याकडून, आणि शिकवलेलं वापरलं ते त्यांच्याविरुद्ध. दहा वर्षं हे चाललं. पाच बोंनी जिंकले, चार वुडींनी, एक बरोबरी. वुडींचा शेवट वाईट झाला. १९७८ च्या गेटर बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात क्लेम्सनच्या खेळाडूला त्यांनी ठोसा मारला आणि दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

२००६ मध्ये हे दोन संघ क्रमांक एक आणि क्रमांक दोन म्हणून समोरासमोर येणार होते. आदल्या दिवशी, १७ नोव्हेंबरला, बो गेले. सामना कोलंबसमध्ये. आमच्याच मैदानावर, जिथे ते नाव घेतलं जात नाही, तिथे लाखभर माणसं त्यांच्यासाठी शांत उभी राहिली. मग ४२-३९. मी तेव्हा अमेरिकेत नवा होतो, काहीही कळत नव्हतं, मित्राच्या घरी सोफ्यावर बसून नुसतं बघत होतो. शेजारी मित्राचे सत्तरीतले सासरे, ओहायोचे. ते हळूच म्हणाले, "आता भांडायला कोण उरलं?"

तालीमवाले, मला चिकटलं त्याचं बीज तिथलं. माझ्या गावाला माझ्याशी भांडायला कोणी उरलेलं नाही. भाऊबंद पांगले, वाडा विकला. इथे दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटी कोणीतरी ठरलेल्या दिवशी भांडायला येतं. न्याहारीपासून वाट बघतो.


मकेवाली

बकायकर, हे काय लिहून ठेवलंत. आणि हो, तुम्ही आख्ख्या प्रतिसादात 'मिशिगन' तीन वेळा लिहिलंत. मोजलंय मी.


बकायकर

मराठीत 'म' खोडायचा तर 'मराठी'च लिहिता येणार नाही, काय करू. पण कारण वेगळंही आहे. लेकीला मास्टर्सला प्रवेश मिळालाय. कुठे ते विचारू नका. फॉर्मवर पालकाची सही करताना त्या विद्यापीठाचं नाव चार ठिकाणी लिहावं लागलं.


मकेवाली

नाही!!! अॅन आर्बर?? पोरीसाठी माझा नंबर तुम्हाला व्यक्तिगत निरोपाने पाठवते. जेवायला पाठवा. पुरणपोळी करीन. तुमचे ते सलग चार पराभव, शेवटचा तर आमच्या ६-५ वाल्या संघाकडून १३-१०, हे सगळं तिला नीट समजावून सांगीन.


बकायकर

त्याच हंगामात राष्ट्रीय विजेतेपद कोणाला मिळालं तेही सांगा. आणि २०२५ चं २७-९. तुमच्याच अंगणात.


गोंधळलेला_गणू

पण काका, आता शनिवारी तुम्ही शर्ट कुठल्या रंगाचा घालणार?


बकायकर

पोरीखातर तटस्थ राहायचं ठरवलंय. राखाडी.


मकेवाली

गणू, फसू नकोस. ओहायो स्टेटचे रंग कुठले आहेत बघ. लाल आणि राखाडी!